करंडा आणि ढाल

नदीत उतरताना दगडावरून पाय घसरला, असे आपल्यापैकी पुष्कळांचे झाले असेल. दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. आपण म्हणतो, "घाण साचलीय!" पण मंडळी, ती सगळी घाण नव्हे. त्या थरात लाखो जीव राहतात. त्यांना डायटम म्हणतात. करंडक वनस्पती हे त्यांचे मराठी नाव.

हे नाव त्यांना शोभते. डायटमचे कवच दोन भागांचे असते. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसते, तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. वाळूत सिलिका नावाचा पदार्थ असतो. त्यापासूनच काच करतात. हाच पदार्थ पाण्यातून घेऊन डायटम आपला करंडा घडवतो. पण तो इतका बारीक, की पाहायला सूक्ष्मदर्शक यंत्र लागते.

आता नदीबरोबर समुद्रावर जाऊ. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते. तिथून जवळच वेळास गाव आहे. थंडीच्या दिवसांत तिथे समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते. तिलाही कवच असते. पण ते करंड्यासारखे उघडत नाही. ती पाठीवरची ढालच. पाठीचा कणा आणि बरगड्या तिला जुळलेल्या असतात. म्हणून कासव कवच सोडून कधीच बाहेर येत नाही.

कासवाची ढाल अंगाबरोबर वाढते. डायटमचे उलटे आहे. एका डायटमचे दोन होतात. वाटणीत एकाला झाकण मिळते, दुसऱ्याला तळ. मिळालेल्या भागाचे प्रत्येक जण झाकण करतो आणि आत बसेल असा नवा तळ बनवतो. त्यामुळे तळ मिळालेला धाकटाच राहतो. भावांच्या वाटणीत शेताचे तुकडे होतात ना, तसेच हे! मात्र फार लहान झाला, की डायटम जुने कवच टाकतो आणि पुन्हा मोठा होतो. शेताचे तसे होत नाही.

डायटम उन्हाच्या मदतीने अन्न करतो आणि प्राणवायू सोडतो. गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, काही मासे त्याच्यावर जगतात. कासव मात्र फुप्फुसांनी श्वास घेते. त्याला हवेसाठी वर यावेच लागते. जाळ्यात अडकले, तर जन्मभर पाण्यात राहणारे कासव पाण्यातच गुदमरते! तिथे ढाल काय करणार?

पूर्वी लोक कासवांची अंडी पळवत. वेळासला २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी ती कुंपणात पुरून राखू लागले. पिल्ले निघाली, की समुद्रात सोडू लागले.

दगडावरच्या डायटमला असा राखणदार नाही. गावची घाण नदीत गेली, की तो थर बदलतो. पाण्याचे जाणकार त्यावरून नदी ओळखतात. तेव्हा जाळ्यात कासव दिसले, तर ते सोडवू. नदीत घाण सोडणे थांबवू. करंडा काय, ढाल काय, आपल्यापासून दोघांनाही वाचवत नाही. ते काम आपलेच.