खोट्या गर्दीची गोष्ट

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला नेऊन देण्यापलीकडे कधी गेला नाही. असे असता यंदाच्या मे महिन्यात एका रात्री अकरा वाजता मी संगणकासमोर बसून १२०० खोट्या विद्यार्थ्यांची वाट पाहत होतो, असे सांगितले तर आमच्या घरातही कोणाला पटत नाही. पण हकीकत खरी आहे, आणि तिचा संबंध तुमच्या-आमच्या घरांतल्या मुलांशी आहे, म्हणून ती सांगतो.

गोष्टीची सुरुवात गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या दिवशी झाली. ‘रांगेत उभे राहू नका, घरबसल्या अर्ज भरा’ अशी जाहिरात आम्हीच मोठ्या हौसेने केली होती. सकाळी दहाला संकेतस्थळ उघडले आणि सव्वादहाला ते बसले. पडद्यावर नुसते एक चक्र फिरत राहिले. अकरापर्यंत आमचा व्हरांडा माणसांनी भरून गेला. त्यांत एक मुलगी आईबरोबर आली होती. आई चार घरची कामे करणारी, त्या दिवशी चारही घरी खाडा करून आलेली. शुल्काचे पैसे खात्यातून गेले होते, पावती मात्र मिळाली नव्हती. प्रवेश समितीचा सभासद या नात्याने मी म्हणालो, “उद्या ये, पाहू.”

पुढे आम्ही मुदत वाढवली, अडकलेले पैसेही ज्याचे त्याला परत गेले. पण ती मुलगी पुन्हा आली नाही. तिच्या गुणपत्रिकेत मराठीला ९१ गुण होते, एवढे मला पक्के आठवते.

पुलावरचे ट्रक

यंदा समितीच्या बैठकीत मी विचारले, “गेल्या वर्षीसारखे होणार नाही कशावरून?” संकेतस्थळ करून देणारे गृहस्थ म्हणाले, “आम्ही स्वतः अर्ज भरून पाहिला. उत्तम चालते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते पटेना.

माझा एक जुना विद्यार्थी याच कामात आहे. मराठीत तो जेमतेम पास झाला होता, म्हणून त्याला विचारायला मला जरा संकोचच वाटला. पण तो आनंदाने घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, “सर, नवा पूल बांधला की लोकांसाठी खुला करण्याआधी त्यावर भरलेले ट्रक उभे करतात आणि पूल किती वाकतो ते मोजतात. एक माणूस चालून गेला म्हणून पूल पास होत नाही. तुमच्या संकेतस्थळावरही तसे ट्रक उभे केले पाहिजेत.”

हे ट्रक म्हणजे खोटी गर्दी. ती निर्माण करणाऱ्या साधनाचे नाव जेमीटर. स्टेफानो माझ्झोकी नावाच्या इटालियन संगणकतज्ज्ञाने ते लिहिले आणि १९९८ पासून ते प्रचारात आहे. ते फुकट मिळते. त्यात आपण एका अर्जदाराचा दिनक्रम लिहून द्यायचा: पान उघड, नाव नोंदव, अर्ज भर, गुणपत्रिका जोड, शुल्काच्या पानापर्यंत जा. मग यंत्र तोच दिनक्रम शेकडो बनावट माणसांकडून एकाच वेळी करवून घेते आणि प्रत्येकाला उत्तर मिळायला किती वेळ लागला याची नोंद ठेवते.

“मग तुझ्या या एका यंत्रातूनच १२०० माणसे सोड की!” मी म्हणालो.

तो हसला. “सर, माणसे वाढली की हे यंत्रच दमते. मग उशीर संकेतस्थळाचा की माझ्या यंत्राचा, हे कळत नाही. नाडी पाहणाऱ्यालाच धाप लागली तर रोग्याची नाडी कशी मोजणार?”

एक यजमान, सहा वाढपी

म्हणून काम वाटून द्यायचे. लग्नघरात यजमान स्वतः वाढत नाही. तो एका जागी उभा राहून वाढप्यांना हुकूम सोडतो. तसे एक यंत्र हुकूम देणारे आणि सहा यंत्रे राबणारी. सातही यंत्रांवर जेमीटरची आणि ज्यावर तो चालतो त्या जावाची आवृत्ती एकच हवी. प्रत्येक राबणाऱ्या यंत्रावर ‘जेमीटर-सर्व्हर’ नावाचा कार्यक्रम सुरू करून ठेवायचा. हुकूम देणाऱ्या यंत्राच्या मांडणीच्या फायलीत ‘रिमोट होस्ट्स’ अशी एक ओळ असते, तिच्यात सहा जणांचे पत्ते स्वल्पविराम देऊन लिहायचे. (विरामचिन्हांचा असा सन्मान पाहून मला बरे वाटले.) त्यांचे बोलणे १०९९ क्रमांकाच्या दारातून सुरू होते, ते दार सुरक्षेच्या भिंतीने बंद केलेले नसावे. चौथ्या आवृत्तीपासून हे बोलणे गुप्त लिपीत चालते, म्हणून किल्लीची एक फाईल तयार करून तिची प्रत सातही यंत्रांवर ठेवावी लागते.

येथवर सारे सुरळीत झाले. मग आम्ही दोन चुका केल्या.

पहिली चूक माझी. मी ऐटीत सांगितले, “१२०० लिही.” त्याने लिहिले, आणि लगेच जीभ चावली. जेमीटरचा यजमान काम वाटून देत नाही, प्रत्येक वाढप्याला सबंध पंगतच सांगतो. म्हणजे सहांकडून १२०० नव्हे, ७२०० माणसे धावून आली असती. तेथे २०० लिहायचे. लोकस्ट नावाचे २०११ सालचे दुसरे साधन आहे, त्यात मात्र एकूण आकडा द्यावा लागतो आणि मुख्य यंत्र तो स्वतः वाटते. साधन बदलले की त्रैराशिक बदलते!

दुसरी चूक त्याची. बनावट अर्जदारांच्या नावांची यादी त्याने हुकूम देणाऱ्या यंत्रावर ठेवली होती. ही यादी आपोआप पुढे जात नाही, ती प्रत्येक यंत्रावर स्वतः नेऊन ठेवावी लागते. तीही एकच यादी सहा ठिकाणी ठेवून चालत नाही. तसे केल्यास एकच चिरंजीव सहा ठिकाणांहून अर्ज करतो, आणि संकेतस्थळ रास्तपणे म्हणते, ‘आपला अर्ज आधीच आला आहे.’ म्हणून २००-२०० नावांचे सहा तुकडे केले.

शिवाय खरा माणूस अर्ज भरताना थांबतो, चष्मा शोधतो, आईला जन्मतारीख विचारतो. ती उसंत खोट्या माणसालाही द्यावी लागते. आणि सगळे एका क्षणात आत सोडायचे नाहीत, आम्ही त्यांना पाच मिनिटांत हळूहळू आणायचे ठरवले.

आपलीच गल्ली अरुंद

पहिल्या रात्री महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली यंत्रे वापरली. ३०० माणसांतच सारे ठप्प! मी म्हणालो, “बघ, सापडला चोर.” तो म्हणाला, “थांबा सर.” शोध घेतल्यावर कळले, की संकेतस्थळ स्वस्थ होते, आमची इंटरनेटची तारच तुंबली होती. गर्दी देवळापर्यंत पोचलीच नव्हती, आमच्याच गल्लीत कोंडली होती. मग दुसऱ्या रात्री त्याने तासावर भाड्याने मिळणारी यंत्रे घेतली. संकेतस्थळाच्या मालकांची लेखी संमती आम्ही आधीच घेतली होती. तिच्याविना केलेली अशी चाचणी म्हणजे हल्लाच होय, हे त्याने मला दोनदा बजावले.

त्या रात्री ४०० माणसांपर्यंत सगळे झटपट चालले. सातशेच्या पुढे यंत्र रेंगाळू लागले. शेवटी आकडे आले: उत्तर मिळायला सरासरी ४ सेकंद. मी म्हटले, “मग ठीकच आहे!”

“सर, सरासरी खोली गुडघाभर असलेल्या नदीतही माणूस बुडतो. हा दुसरा आकडा पाहा. वीसांतल्या एकाला ३१ सेकंदांहून जास्त लागले.”

मी मनात हिशेब केला. बाराशेंत साठ मुले. ती मुलगी त्या साठांतली होती.

कारणही सापडले. प्रत्येक अर्जाच्या वेळी यंत्र आधीच्या साऱ्या अर्जांची वही पहिल्या पानापासून चाळत होते, कारण त्या वहीला सूचीच केलेली नव्हती. अकारविल्हे न लावलेल्या शब्दकोशात शब्द शोधण्यासारखेच ते! सूची करायला त्या गृहस्थांना एक दिवसही लागला नाही. पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बाराशेंतल्या पंचाण्णव टक्क्यांना २ सेकंदांच्या आत उत्तर मिळाले.

असे प्रसंग थोरामोठ्यांवरही आले आहेत. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकन सरकारने आरोग्यविम्याचे संकेतस्थळ सुरू केले. लाखो लोक त्यावर लोटले, आणि पहिल्या दिवशी केवळ ६ जणांची नोंदणी पुरी झाली. गर्दीची परीक्षा वेळेवर आणि पुरेशी न झाल्याचा तो दाखला आज जगभर सांगितला जातो. पुढे दोन महिने खपून त्यांनी ते सावरले.

आमच्याकडे जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. दहाच्या ठोक्याला मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. शिपाई तेवढा स्टुलावर बसून डुलक्या घेत होता. व्हरांडा रिकामा पाहून एवढे समाधान मला पूर्वी कधी झाले नव्हते.

तरी पाच वाजेपर्यंत मी तेथून हललो नाही. कोणी आलेच, तर ‘उद्या ये’ असे सांगायचे नाही, एवढे मी मनाशी ठरवून ठेवले होते.