विवाहित स्त्री आणि एचआयव्हीचा धोका : सामाजिक व मानसशास्त्रीय घटकांचे विवेचन

प्रस्तावना :

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे उघडकीस आली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून ती शोधून काढली. शास्त्रीय दृष्ट्या हे कार्य मोलाचे होते. परंतु समाजमनाने त्यातून सोयीचा अर्थ काढला. हा आजार 'तसल्या' स्त्रियांचा आहे, संसारी स्त्रीचा त्याच्याशी संबंध नाही, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली. प्रस्तुत लेखात या समजुतीमुळेच विवाहित स्त्रीचा धोका कसा वाढतो, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के, तर देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्ये १३.६ टक्के आढळले. हे प्रमाण गुप्तरोगाच्या उपचारासाठी आलेल्या स्त्रियांतील आहे, सर्वसाधारण लोकसंख्येतील नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि या दुसऱ्या गटातील बहुसंख्य स्त्रियांचा पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. त्यांच्या बाबतीत 'धोक्याचे वर्तन' कोणते, तर विवाह!

महामार्ग आणि घर :

पिंपळगाव बसवंत हे मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव. कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांच्या बाजारपेठेमुळे येथे मालमोटारींची सतत वर्दळ असते. द्राक्षहंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबे येतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने मालमोटारचालक व स्थलांतरित मजूर यांना 'सेतू' गट मानले आहे. जास्त धोका असलेल्या गटातून सर्वसाधारण लोकसंख्येत विषाणू नेणारा तो सेतू, अशी ही कल्पना आहे. पण सेतूच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे? चालकाची आणि मजुराची पत्नी. ती स्वतः कोणत्याही विशेष गटात मोडत नाही, म्हणून महामार्गावरील प्रबोधन तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

स्त्रीची शरीररचना, कमी वयातील विवाह, उपचार न झालेले जननमार्गाचे संसर्ग या बाबी धोका वाढवितात, हे सर्वज्ञात आहे. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येकाच्या परिचयात असतील. मात्र या साऱ्याच्या मुळाशी आर्थिक परावलंबन आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. याच महामार्गावरील चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमाद्वारे पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. त्या चळवळीचा एड्सशी काही संबंध नव्हता. तरीही सातबाऱ्यावर नाव असलेली स्त्री पतीला नकार देऊ शकते, निदान तसा विचार तरी करू शकते. माहेरी परत जाण्याची वाट बंद आणि सासरी नावावर काही नाही, अशा स्त्रीला निरोधाविषयीची माहिती पुरवून काय साध्य होणार?

मानसशास्त्रीय घटक :

आरोग्यविषयक श्रद्धा प्रतिमानानुसार व्यक्ती स्वतःला धोका आहे असे मानते, तेव्हाच प्रतिबंधक कृती करते. पतिनिष्ठ स्त्रीच्या बाबतीत नेमकी हीच पायरी गळते. 'मी कोठे वाकडे पाऊल टाकले?' हा तिचा प्रश्न स्वतःच्या चारित्र्याविषयी असतो आणि धोका मात्र दुसऱ्याच्या वर्तनात असतो. पतीविषयी शंका घेणे म्हणजे संसारावरच शंका घेणे, असे तिच्या मनावर बालपणापासून बिंबविलेले असते. त्यामुळे शंका आली तरी ती दडपली जाते. हा नकार अज्ञानातून आलेला नसतो. कोसळू शकणारे घर सावरण्याची ती एक मानसिक युक्ती असते.

निरोधाचा प्रश्नही असाच आहे. विवाहसंबंधात निरोध सुचविणे म्हणजे एकतर पतीवर आरोप करणे, नाहीतर स्वतःवर संशय ओढवून घेणे. शिवाय लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत पाळणा हललाच पाहिजे, ही अपेक्षा असते. मातृत्व आणि संरक्षण या दोहोंपैकी नवविवाहिता कोणाची निवड करील, हे सांगावयास नको. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. परंतु ती एकट्या व्यक्तीपुरती वापरली, तर दोष पुन्हा स्त्रीच्याच आत्मविश्वासाला दिला जातो. विंगूड व डिक्लेमेंटे यांनी २००० मध्ये कॉनेल यांचा लिंगभाव व सत्ता यांविषयीचा सिद्धान्त एचआयव्हीच्या संदर्भात वापरला, तो या दृष्टीने अधिक समर्पक वाटतो.

चाचणीचा क्रम आणि कायदा :

अनेक कुटुंबांत लागण प्रथम उघड होते ती गरोदरपणीच्या तपासणीत. बाळाच्या संरक्षणासाठी ही तपासणी अत्यावश्यक आहे. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा, की पतीची चाचणी होण्यापूर्वीच पत्नीचा अहवाल येतो आणि 'हिनेच आणले' असा शिक्का बसतो. पुढे पतीचे निधन झाल्यास ती पांढऱ्या पायाची ठरते आणि घराबाहेर काढली जाते. या भीतीपोटी ती अहवाल लपविते, उपचार पुढे ढकलते. वास्तविक एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली असून, नियमित उपचाराने रक्तातील विषाणूचे प्रमाण न आढळण्याइतके खाली राहिल्यास लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील एक तरतूद आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ठरावीक परिस्थितीत डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाच्या जोडीदारास लागणीची माहिती देऊ शकतात. मात्र तसे केल्याने, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, हिंसा होण्याची किंवा तिला टाकून दिले जाण्याची वाजवी भीती असेल, तर माहिती देऊ नये, असे कायदा सांगतो. घरातील वास्तव्याच्या हक्कासाठी पत्नीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येतो. या दोन्ही तरतुदी महाविद्यालयांतील रेड रिबन क्लबच्या कार्यक्रमांत क्वचितच ऐकावयास मिळतात. १ डिसेंबरच्या व्याख्यानास बसलेल्या आपल्या विद्यार्थिनींपैकी अनेकींचे विवाह पदवीच्या निकालापूर्वीच ठरलेले असतात. त्या बैठकींत मुलाची द्राक्षबाग किती एकर आहे, हे विचारले जाते. रक्तचाचणीचा विषय काढण्याचे धाडस मुलीच्या वडिलांनाही होत नाही.