बाष्पाचा लेसर आणि हौशी माणूस



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'बाष्पाचा लेसर' असे उत्तर दिले, आणि ते क्षणभर गप्पच राहिले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल, फार तर नव्या कायद्यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ती गैर नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे वाचनालयात आणि मित्रांच्या संगतीत झाले. पण गेली सहा वर्षे दर रविवारी मी व माझे दोन स्नेही याच खटपटीत आहोत आणि तिची किंमतही मोजून बसलो आहोत. ती गोष्ट ओघात येईल.

प्रथम लेसर म्हणजे काय ते पाहू. अणूला एक चाळ समजा आणि इलेक्ट्रॉनाला तिच्यातला बिऱ्हाडकरू. तो एरवी तळमजल्यावर असतो. बरोबर त्याच्याच रंगाचा प्रकाश पडला, तर तो प्रकाश गिळून वर चढतो, थोडा वेळ थांबतो आणि खाली येताना प्रकाश टाकतो. १९१७ साली आइन्स्टाइन यांनी असे दाखविले की, वर बसलेल्या इलेक्ट्रॉनाजवळून योग्य रंगाचा प्रकाश गेला, तर तो त्याच्या हाकेसरशी खाली उतरतो आणि त्याने टाकलेला प्रकाश आलेल्या प्रकाशाशी पाऊल जुळवून चालू लागतो. एकाचे दोन होतात, दोहोंचे चार. दोन बाजूंस आरसे लावले की ही मिरवणूक येरझारा घालीत वाढत जाते. अट एकच, ज्या मजल्यावर उतरावयाचे तेथल्यापेक्षा वरची वस्ती जास्त हवी. नाही तर वाढलेला प्रकाश खालचेच लोक गिळून टाकतात.

येथे एक गोम आहे. चाळीला दोनच मजले असतील तर प्रकाशाने ही उलटापालट होत नाही. जो प्रकाश वर चढवितो तोच खालीही उतरवितो. फार तर निम्मेनिम्म होते. म्हणून आणखी एक मजला हवा. तळमजल्यावरची माणसे थेट दुसऱ्या मजल्यावर न्यावीत. पहिला रिकामाच असतो, त्यामुळे दुसऱ्यावर मूठभर असले तरी पहिल्याच्या मानाने ते बहुसंख्यच ठरतात. प्रकाशाच्या साहाय्याने वस्ती अशी हलविण्याची युक्ती पॅरिसच्या आल्फ्रेद कास्टलर यांनी १९५० साली मांडली. तिच्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हीच युक्ती बाष्पावर करावयाची तर अडचण येते. बाष्पातले अणू सुटेसुटे, त्यामुळे ते फार चोखंदळ असतात. रंग केसभर इकडचा तिकडे झाला तरी घेत नाहीत. साधा दिवा कितीही प्रखर असो, त्याचा बहुतेक प्रकाश वाया जातो. कुलपाला नेमकी किल्लीच हवी. सिझियम या धातूच्या बाबतीत अशी किल्ली निसर्गातच पडलेली सापडली. हेलियमच्या दिव्याच्या प्रकाशात ३८८.९ नॅनोमीटर तरंगलांबीची एक जांभळी रेषा असते आणि सिझियमचा अणू जवळजवळ तीच रेषा गिळतो. दोन अगदी निराळी मूलद्रव्ये. नाते काही नाही, केवळ योगायोग.

या योगायोगावर लेसर उभारणाऱ्यांत गॉर्डन गूल्ड हा अमेरिकन होता. त्याच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. १९५७ सालच्या नोव्हेंबरात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्याने एका वहीत लेसरची कल्पना लिहून काढली. 'लेसर' हा शब्दही त्याच वहीत आहे. ती वही घेऊन तो एका गोळ्याबिस्किटांच्या दुकानात गेला, कारण दुकानदाराला कागदपत्रे साक्षांकित करण्याचा अधिकार होता. पुढे पदवी अर्धवट सोडून तो लाँग आयलंडवरील एका खासगी संस्थेत लागला. संस्थेने लेसरसाठी लष्करी खात्याकडे तीन लाख डॉलर मागितले. १९५९ साली खात्याने जवळजवळ दहा लाख दिले आणि काम गुप्त ठरविले. गुप्त कामाला परवाना लागतो. गूल्ड तरुणपणी डाव्या विचारांच्या मंडळींत वावरलेला, तेव्हा परवाना नाकारला गेला. कल्पना ज्याची, त्यालाच त्या कामात हात घालण्यास बंदी!

मित्रहो, कारखान्याचे फाटक बंद झालेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण स्वतःच्याच डोक्यातल्या गोष्टीचे फाटक बंद व्हावे, हा प्रकार मला नवा होता. शर्यत अर्थातच दुसऱ्याने जिंकली. १९६० च्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीवर झगझगीत दिव्याचा झोत टाकून पहिला लेसर चालविला. सिझियमचा लेसर १९६२ साली चालला; त्याच्या निबंधावर रॅबिनोविट्झ, जेकब्स आणि गूल्ड अशी तीन नावे आहेत. प्रकाश पंप करण्याच्या पद्धतीचे पेटंट गूल्डला मिळावयास १९७७ साल उजाडले.

पण खरे सांगावयाचे तर सिझियमचा तो लेसर उपयोगाच्या दृष्टीने दुबळाच. आत जांभळा प्रकाश जातो आणि बाहेर येतो तो ७.१८ मायक्रॉनचा अदृश्य अवरक्त. तरंगलांबी अठरापटीने वाढली, म्हणजे गिळलेल्या शंभर भागांपैकी फार तर पाच-साडेपाच भाग पदरात. बाकीचे मधल्या मजल्यांवर खर्ची पडतात. (आमच्याकडे यालाच मध्यस्थांची साखळी म्हणतात.) उलट २००३ साली अमेरिकेत क्रुप्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबिडियमच्या बाष्पात ७८० नॅनोमीटरचा प्रकाश घालून ७९५ चा लेसर काढला. येथे अंगभूत तोटा शेकडा दोनच. दोन मजले अगदी लगत आहेत आणि हेलियम व ईथेन यांच्या धक्क्यांनी इलेक्ट्रॉन वरच्यावरून शेजारच्यावर सरकतो. मात्र उतरावयाचे ते थेट तळमजल्यावर, म्हणून निम्म्याहून अधिक अणू वर चढवावे लागतात.

आता हौशी माणसाचा प्रश्न. घरी लेसर बनविणे हे खूळ नवे नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या हौशी शास्त्रज्ञांच्या सदरात १९६४ च्या सप्टेंबरातच घरगुती वायू-लेसरची कृती आली होती. पण सिझियम घरात आणू नये. ते २८ अंशांवर वितळते, म्हणजे आपल्याकडे वैशाखात कपाटातच पातळ होईल. हवा लागली तर पेट घेते आणि पाण्यात पडले तर स्फोट.

आम्ही आयोडीन घेतले. तेही गुणी पोर नव्हे, त्याची वाफ छातीत जाऊ देऊ नये; पण घर पेटवीत नाही. आयोडीनची वाफ जांभळी दिसते, कारण ती हिरवा-पिवळा प्रकाश गिळते. तिच्या रेणूला मजले नव्हेत, जिन्याच्या असंख्य पायऱ्याच आहेत, आणि खालच्या बऱ्याचशा रिकाम्या. १९७२ साली स्टॅनफर्डच्या बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या लेसरच्या स्पंदांनी तिला चढवून हिरव्यापासून अवरक्तापर्यंत अनेक रंगांचे लेसर काढले.

आमची नळी हातभर लांब आहे. ती ज्याने फुंकली तो माझा स्नेही पूर्वी निऑनच्या पाट्या बनवीत असे. एलईडी आले आणि त्याचा धंदा बसला. हात मात्र शाबूत होता. दोन्ही टोकांच्या खिडक्या त्याने तिरप्या बसविल्या, अशा की लंबाशी ५६ अंश व्हावेत. त्या कोनात एका दिशेने कंप पावणारा प्रकाश परावर्तित न होता पार जातो. पहिल्या नळीची पितळी तोटी आयोडीनने खाऊन टाकली. दुसऱ्या खेपेस सगळी काचच वापरली. आयोडीनचे खडे बर्फ-मिठात, पॉटातल्या आइस्क्रीमप्रमाणे, गारठवून ठेवले, म्हणजे हवा ओढताना ते पंपात जात नाहीत; मग ज्योतीने नळीचे तोंड बंद केले. हवा राहिली तर आयोडीनची चमक विझते, हे पहिल्या नळीने शिकविले होते. दुसऱ्या नळीतून साधा हिरवा किरण सोडला तेव्हा त्याच्या वाटेवर पिवळी रेघ उमटली. त्या रात्री आम्ही तिघे बराच वेळ बोललो नाही.

चमक म्हणजे लेसर नव्हे. त्यासाठी जोरदार हिरवे स्पंद हवेत. माझ्या दुसऱ्या स्नेह्याने, तो बंद गिरणीतला वायरमन, भंगारातून गोंदण काढण्याचे एक यंत्र मिळवून दुरुस्त केले. अशा यंत्राचा स्पंद सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरताच असतो. पापणी मिटावयास वेळच नाही. हिरव्याबरोबर अदृश्य अवरक्तही निघतो. दोन्ही अडविणारे चष्मे महाग होते, म्हणून 'पुढच्या महिन्यात घेऊ' असे मीच म्हणालो. तिसऱ्याच स्पंदाला बाकावर राहिलेल्या स्टीलच्या पेल्यावरून झोत उलटला. वायरमनच्या उजव्या डोळ्यात मध्यभागी काळा ठिपका आला, तो आजही आहे. त्या डोळ्याने त्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही. वेल्डिंग खात्यातल्या चष्म्यांसाठी तीन आठवडे फाटकावर धरणे धरणारा मी. घरच्या बाकावर माझीच गय केली. नळीतून त्या दिवशी लेसर निघाला की नाही, हे कोणी पाहिलेच नाही.

तो स्नेही आज येथे दुसऱ्या रांगेत बसला आहे, आणि ही हकिगत सांगा असा आग्रह त्याचाच. चष्मे आता आले आहेत. आरसे नव्याने बसविण्याचे काम दिवाळीनंतर घेऊ. नळी मी बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर टेबलापाशी येऊन कोणीही हातात घेऊन पाहावी, खिडक्यांना मात्र बोट लावू नये. हिरवे यंत्र आणलेले नाही.