खुंटीला टांगलेलं ओझं

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात शंभर किलोचा डंबेल नेला, तर तो करंगळीच्या टोकावर राहील. तिथं कशाचंच वजन जाणवत नाही. तरीही तिथले अंतराळवीर रोज साधारण दोन तास व्यायाम करतात आणि बैठका मारताना खांद्यावर चांगलं दणदणीत ओझं घेतात. हे ओझं येतं कुठून? पोकळीतून! त्यांच्या व्यायामाच्या यंत्रातल्या नळकांड्यातली हवा काढून टाकलेली असते. दट्ट्या बाहेर ओढायला जावं, तर भोवतालची हवा त्याला आत रेटते. अंतराळवीर झुंजतात ते या हवेच्या रेट्याशी, आणि हा रेटा २७२ किलोच्या ओझ्याइतका वाढवता येतो. एप्रिल २००७ मध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स तिथंच बॉस्टन मॅरेथॉन धावल्या, ४ तास २४ मिनिटं. ट्रेडमिलवरून तरंगत जाऊ नये म्हणून त्यांना लवचीक पट्ट्यांनी खाली ओढून धरलं होतं.

दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाट सांभाळून व्यायामाचं सामान बसवू पाहणाऱ्यांसाठी यात केवढी आनंदाची बातमी आहे! स्नायूला लोखंड ओळखू येत नाही. त्याला कळतो तो फक्त अडथळा. म्हणून दुकानात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: या वस्तूत अडवणारं बळ येतं कुठून?

रबरी पट्ट्यापासून सुरुवात करू. वजन जेमतेम पाव किलो, जागा दारामागच्या खुंटीची. एक रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. गरम लागला ना? आता ताणलेलाच ठेवून क्षणभर थांबा, सैल सोडा आणि पुन्हा ओठाला लावा. गार! जॉन गॉफ या दृष्टिहीन इंग्रज अभ्यासकानं ही नवलाई १८०५ साली नोंदवून ठेवली. कारण उलगडायला मात्र पुढं बराच काळ जावा लागला. रबराचे रेणू लांबच लांब असतात आणि शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. शिवाय ते सतत वळवळत असतात. गुंतून पडायच्या तऱ्हा असंख्य, सरळ राहायच्या मोजक्याच. तुम्ही पट्टा ओढून त्यांना सरळ करता, आणि ती वळवळ त्यांना पुन्हा गुंत्याकडे खेचते. म्हणजे तुमचा दंड चक्क शक्यतेशी कुस्ती खेळत असतो!

आणखी एक गंमत. पट्टा दुहेरी केला की प्रत्येक पदर निम्म्या लांबीचा होतो, म्हणून दुप्पट ताठ. आणि असे पदर दोन. म्हणजे तेवढंच अंतर ओढायला चौपट जोर! एकाच पट्ट्यात किती डंबेल लपलेत, बघा. फक्त त्याला उन्हात ठेवू नका. उन्हानं रबराला बारीक भेगा पडतात, आणि भेगाळलेला पट्टा तुटला की थेट तोंडावर येतो.

आता दमसास वाढवायचं यंत्र. माझं मत विचाराल तर चुंबकी सायकल. तिच्या जड चाकाजवळ लोहचुंबक असतो, पण तो चाकाला शिवतसुद्धा नाही. मग चाक अडतं कसं? धातू चुंबकापुढून फिरू लागला की त्याच्या पोटात विजेचे भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व चाकाला मागं ओढतं. जोरात पॅडल मारा, ओढ वाढते. थांबा, ओढ गायब. तुमच्या श्रमानं चाकाचा धातू तापतो, हे लिऑन फूको यांनी १८५५ मध्येच तांब्याच्या चकतीवर पाहिलं होतं. घरातला जुना विजेचा मीटर आठवतो? त्यातल्या फिरत्या चकतीलाही असाच चुंबक आवरून धरायचा. घासणारं काही नाही, म्हणून झिजणं नाही आणि आवाजही फारसा नाही. खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप शाबूत!

घडीच्या ट्रेडमिलचा मोह पडतो खरा, पण मोजायची ती उघडलेली ट्रेडमिल. तीसुद्धा मागच्या मोकळ्या जागेसकट, कारण तोल गेला तर माणूस मागं फेकला जातो. साधारण दोन मीटर तरी सोडायलाच हवेत. पंख्याचं रोइंग मशीन अफलातून असतं. पंख्याचा वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. मात्र वापरताना ते सुमारे आठ फूट पसरतं आणि वारं घोंगावतं ते वेगळंच.

आणि आपल्या तालमीतला मुद्गल? कोपऱ्यात उभा राहिला की वीतभर जागा पुरते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो इथं पाहिला आणि युरोपात नेला. पुढं १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये त्याच्या हलक्या भावंडांची, म्हणजे क्लब फिरवण्याची, स्पर्धासुद्धा झाली! त्याचं गुपित दडलंय लांबीत. तेच वजन मुठीपासून दुप्पट लांब गेलं की त्याच चपळाईनं फिरवायला चौपट जोर लागतो. म्हणून डंबेल सहज उचलणारा माणूसही तेवढ्याच वजनाच्या मुद्गलापुढं घामाघूम होतो. तेव्हा पहिला मुद्गल हलकाच घ्या, आणि घुमवण्याआधी डोक्यावरच्या पंख्याकडे एकदा बघून घ्या.