शेजारच्या सीटवरचं वाचन

"तू गाडी चालवलीसच नाहीस, मग स्पर्धेत केलंस तरी काय?" रॅलीहून परत आल्यापासून मंडळातल्या किमान दहा जणांनी मला हे विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी वाचलं. मान खाली घालून, मोठ्याने, न थांबता. बाहेर कॉफीचे मळे होते म्हणतात. मी फारसे पाहिले नाहीत.

माझा मावसभाऊ गेली तीन वर्षं मातीच्या रस्त्यांवरच्या रॅलींत गाडी चालवतो. त्याचा नेहमीचा जोडीदार नोकरीसाठी दुबईला गेला आणि चिकमगळूरकडची एक रॅली तोंडावर आली. एका रविवारी चर्चमध्ये माझं वाचन होतं. ते संपल्यावर दादा म्हणाला, "तू वाचतेस ते शेवटच्या बाकावरसुद्धा स्वच्छ ऐकू येतं की! येतीस काय माझ्याबरोबर?" मी हो म्हणाले. मम्मी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

रॅली म्हणजे काय?

रेसमध्ये सगळ्या गाड्या एकदम सुटतात. रॅलीत तसं नसतं. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात आणि प्रत्येकीची झुंज घड्याळाशी असते. वाहतूक बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला स्पेशल स्टेज म्हणतात. तिथे जितकं जोरात जाता येईल तितकं जायचं. दोन स्टेजमधला रस्ता मात्र सार्वजनिक असतो. तिथे वाहतुकीचे सगळे नियम पाळून, पण दिलेल्या मिनिटालाच पुढच्या चौकीवर हजर व्हायचं. सगळ्या स्टेजच्या वेळांची आणि दंडाची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला.

स्टेजचा रस्ता ड्रायव्हरला पाठ नसतो. लाल माती, वर सुटी खडी, दोन्ही बाजूंना झाडं, पुढच्या गाडीची धूळ हवेत तशीच लोंबकळत असते. गाडी ताशी 90 किलोमीटरने धावत असेल, तर एका सेकंदात 25 मीटर जाते. म्हणजे वळण दिसल्यावर ते केवढं आहे हे ठरवायला वेळच उरत नाही. ते आधी कुणीतरी सांगावं लागतं. हा "कुणीतरी" म्हणजे को-ड्रायव्हर.

आमची भाषा

स्पर्धेच्या आधी रेकी असते. साध्या गाडीतून, हळू वेगात, त्याच रस्त्यावरून फिरायला मिळतं, पण मोजक्याच फेऱ्या. आम्हाला दोन मिळाल्या. पहिल्या फेरीत ड्रायव्हर वळण बघून बोलतो आणि को-ड्रायव्हर लिहून घेतो. दुसऱ्या फेरीत को-ड्रायव्हर वाचतो आणि ड्रायव्हर दुरुस्त्या सांगतो. लिहायचं पेन्सिलीने, कारण खोडावं लागतं. वही स्पायरलची, कारण पान पूर्ण उलटावं लागतं. यांना पेस नोट्स म्हणतात.

वळणाला आकडा देतात. आमच्या वहीत एक म्हणजे जवळजवळ मागे फिरवणारं वळण आणि सहा म्हणजे नुसता कल. काही जण याच्या उलट आकडे वापरतात, काही जण गिअरच्या आकड्याने वळण सांगतात. पद्धत कुठलीही चालते, दोघांची एक असली म्हणजे झालं.

साहित्याच्या विद्यार्थिनीला इथेच मजा वाटू लागली. आम्ही आधी सगळं मराठीत लिहून बघितलं. "उजवीकडे चार" म्हणेपर्यंत वळण येऊन जायचं, म्हणून लेफ्ट-राइट इंग्रजीच ठेवले. मग सगळं इंग्रजीत करून बघितलं, तर "राइट फोर, फोर्टी" यात वळणाचा आकडा कुठला आणि अंतराचे मीटर कुठले, हे इंजिनाच्या आवाजात कळेना. शेवटी दादानेच तोड काढली. वळणाचे आकडे इंग्रजीत, अंतर मराठीत. "राइट फोर, चाळीस, लेफ्ट थ्री घट्ट." घट्ट म्हणजे वळण पुढे जास्त आवळतं. सुटतं तिथे "उघड". चढ संपून पलीकडचं दिसत नाही तिथे "माथा". आतल्या बाजूला दगड आहे, वळण कापू नकोस, एवढ्या सगळ्याला एकच शब्द, "नको". आणि गाडीत असेपर्यंत "बरोबर" या अर्थाने "राइट" म्हणायला मला सक्त मनाई होती!

शब्द कोणता याइतकंच महत्त्व तो कधी, याला असतं. चर्चमध्ये वाचताना मी स्वल्पविरामाला थांबते आणि ऐकणारे माझ्यासाठी थांबतात. इथे ऐकणारा थांबत नाही. एका वळणात गाडी असताना पुढचं वळण त्याच्या कानात पडायला हवं. फार आधी सांगितलं तर तो विसरतो, उशिरा सांगितलं तर त्याचा उपयोग नाही. आणि डोळे वहीत असल्यामुळे गाडी कुठे आहे हे मला अंगाने कळून घ्यावं लागतं. ब्रेक लागला की पट्टा छातीला रुततो, डावं वळण आलं की अंग उजवीकडे ढकललं जातं. कमरेखालून येणारं हे विरामचिन्ह ओळखून पुढची ओळ वाचायची.

पेस नोट्सची सर्वांत गाजलेली गोष्ट एका लेखकाचीच आहे. 1955 साली इटलीतल्या मिल्ले मिलिया या सुमारे 1600 किलोमीटरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा मोटर-पत्रकार बसला होता. सराव-फेऱ्यांत त्याने रस्त्याच्या नोंदी केल्या, त्या सुमारे पाच मीटर लांब कागदावर उतरवल्या आणि तो गुंडाळून छोट्या पेटीत बसवला. उघड्या मर्सिडीजमध्ये बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तो हाताच्या खुणा करायचा. वाटेत त्याला उलटी झाली आणि वाऱ्याने चष्मा उडाला, पण दुसरा चष्मा त्याने बरोबर ठेवला होता. 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत ते पहिले आले. ती शर्यत डांबरी रस्त्यांवरची होती, पण त्या पेटीतला कागद आणि माझी वही यांचं नातं सरळ आहे.

मुलींचं इथे काय काम, असं विचारणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. 1981 साली सान्रेमोची रॅली जिंकून मिशेल मूतों ही जागतिक अजिंक्यपदाची रॅली जिंकणारी पहिली महिला ड्रायव्हर ठरली. तिच्या शेजारी वही घेऊन बसली होती फाब्रिझिया पोन्स.

घड्याळ आणि कार्ड

को-ड्रायव्हरचं अर्धं काम हिशोबाचं असतं. स्टेज 10 वाजून 20 मिनिटांनी सुरू केली आणि पुढच्या चौकीपर्यंत 35 मिनिटं दिली असतील, तर कार्ड 10:55 च्या मिनिटातच द्यायचं. आंतरराष्ट्रीय नियमांत एक मिनिट उशिराला 10 सेकंद दंड असतो, पण एक मिनिट लवकर गेलात तर पूर्ण एक मिनिट! लवकर पोहोचण्याची शिक्षा जास्त, कारण सार्वजनिक रस्त्यावर कुणी गाडी पळवू नये. पिवळ्या पाटीच्या अलीकडे थांबून घड्याळाकडे बघत बसणं, हे मी त्या दिवशी इतक्यांदा केलं की बेळगावला परतल्यावर लेक्चरलाही मी दारात थांबून मिनिट बघू लागले.

दुसरी स्टेज

पहिली स्टेज बरी गेली. दुसरी 14 किलोमीटरची होती. हातमोज्याला घाम, घामावर धूळ, आणि एका जागी माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. मी वाचत राहिले. दोन वळणं योगायोगाने जुळली. तिसऱ्याला अंगाने सांगितलं की काहीतरी चुकतंय. मी "राइट" म्हटलं होतं आणि माझं अंग उजवीकडेच ढकललं गेलं, म्हणजे गाडी डावीकडे वळत होती.

रॅलीच्या आधी दादाने मला एकच नियम चार-चारदा सांगितला होता. "वहीत जागा चुकली तर लगेच 'हरवले' म्हण. गप्प बसू नको, आणि अंदाजाने तर अजिबात बोलू नको." मला तो नियम पाठ होता. तरी मी म्हटलं नाही. लाज वाटली. वाटलं, पुढच्या ओळीत सापडेल. मी आणखी एक ओळ वाचली, "राइट फाइव्ह". पुढे लेफ्ट थ्री होतं.

दादाने माझ्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला म्हणून आम्ही वाचलो. गाडी आडवी घसरली, मागचं चाक बांधाला लागलं, इंजिन बंद पडलं. धूळ पुढे निघून गेली आणि एकदम शांतता झाली. "लागलं काय कुठं?" त्याने विचारलं. मी नाही म्हणाले आणि मग, फार उशिरा, "हरवले" म्हणाले.

तो चिडला नाही. इंजिन सुरू करून त्याने गाडी सरळ केली आणि डोळ्यांना दिसेल तेवढ्याच वेगाने निघाला. नोट्सशिवायचा तो वेग बघून वहीची किंमत मला कळली. पुन्हा जागा सापडायला सहज ओळखता येईल अशी खूण लागते. मी मान वर केली, एक मोरी दिसली, वहीत "मोरी, लेफ्ट टू" शोधलं आणि तिथून वाचायला लागले.

संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "तू चुकलीस त्याचं काही नाही गं. खरं तू चुकलीस हे मला कळलं नव्हतं, त्याची भीती वाटली." मी जे सांगेन ते खरं धरून तो न दिसणाऱ्या माथ्यावरून गाडी सोडतो. माझ्या आवाजातला आत्मविश्वास खोटा असेल, तर तो दगडापेक्षा वाईट.

गाडीत एक जाड कागदही असतो. एका बाजूला "ओके", दुसऱ्या बाजूला लाल "एसओएस". अपघात होऊन गाडी अडकली तर मागून येणाऱ्यांना त्यातली खरी बाजू दाखवायची, आणि त्याआधी निदान 50 मीटर मागे लाल त्रिकोण ठेवायचा. कुणी "एसओएस" दाखवला तर मागच्या गाडीने स्पर्धा सोडून थांबायचं, हा नियम आहे. तो कागद मी आदल्या रात्री फक्त यादीत टिक करून ठेवला होता. दुसऱ्या स्टेजनंतर तो हाताला लगेच लागतो की नाही, हे मी प्रत्येक सुरुवातीआधी बघायला लागले.

चौथ्या स्टेजला पुन्हा एकदा ओळ निसटली. या वेळी मी त्याच क्षणी "हरवले" म्हटलं. दादाने पाय उचलला, तीन वळणांत मला जागा सापडली. चार-पाच सेकंद गेले असतील. आमच्या गटात नऊ गाड्या होत्या, आम्ही सातवे आलो.

कुणाला सुरुवात करायची असेल तर थेट स्टेजवर जायची गरज नाही. टीएसडी प्रकारच्या रॅली असतात. त्यांत साधी गाडी चालते आणि वेगापेक्षा ठरवून दिलेली सरासरी पाळणं महत्त्वाचं असतं. वही, घड्याळ आणि गुणाकार यांचा सराव तिथे होतो. स्टेज रॅलीसाठी मात्र को-ड्रायव्हरलासुद्धा परवाना, हेल्मेट आणि आगरोधक सूट लागतो.

पुढची रॅली पावसाळ्यानंतर आहे. मम्मी आता बोलते. परवा ती माझी वही चाळत होती. "हे काय लिहिलंयस पहिल्या पानावर?" मी पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "हरवलीस तर सांग." तिने वाचलं, वही बंद केली आणि म्हणाली, "हे घरीसुद्धा लागू आहे, बरं का."