खसखशीचा दाणा आणि अमेरिकेचे आकडे

२००८ सालच्या शरद ऋतूत न्यू यॉर्कमध्ये एका पाटीवरची जागा संपली. मॅनहॅटनमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ अमेरिकेच्या सरकारी कर्जाचा आकडा दाखवणारं एक घड्याळ आहे, त्याची ही गोष्ट. सीमूर डर्स्ट या बांधकाम व्यावसायिकाने ते १९८९ साली बसवलं, तेव्हा कर्ज तीन ट्रिलियन डॉलरच्या आत होतं. पाटीवर जागा होती तेरा अंकांची. तेरा अंक! एवढे कुणाला पुरणार नाहीत? पण एकोणीस वर्षांत कर्ज दहा ट्रिलियनच्या पुढे गेलं. चौदावा अंक लागला आणि तो ठेवायला घरच नव्हतं! शेवटी डॉलरचं चिन्ह हलवलं आणि त्याच्या जागी ‘१’ बसवला.

ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं. आपल्या भाषेत एक लाख कोटी. उच्चारायला सेकंदही लागत नाही, पण डोळ्यांपुढे येतं काय? काहीच नाही. म्हणून आपण एक करू. अनारशावर लावतो ती खसखस घेऊ. न्यू यॉर्ककरांनाही ती परकी नाही, सकाळच्या बेगलवर ते तीच भुरभुरतात. दाणा एक मिलिमीटरचा धरू आणि प्रत्येक दाण्याला एक मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच अशी स्वतंत्र खोली देऊ. आता इंग्रजीतला एकेक संख्याशब्द या खसखशीने भरत जायचा.

मिलियन, म्हणजे दहा लाख दाणे. जागा किती लागेल? एक लिटर! दुधाच्या मापात मिलियन मावला. बिलियन, म्हणजे शंभर कोटी. त्याला हजार लिटर लागतील. गच्चीवरची पाण्याची हजार लिटरची टाकी झाकणापर्यंत भरली की बिलियन झाला. आणि ट्रिलियन? हजार टाक्या. शेतातली तेहतीस फूट रुंदीची, बेचाळीस फूट खोल विहीर घ्या, पाणी उपसून टाका आणि तळापासून काठापर्यंत खसखस ओता. ओतत राहा. विहीर भरली की ट्रिलियन. एका मापापासून निघालो आणि दोन पावलांत विहिरीच्या काठावर येऊन उभे राहिलो!

मिलियन आणि बिलियन यांत फरक एका अक्षराचा, पण ते अक्षर हजारपटीचं आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना याची फार काळजी होती. १९८० सालच्या ‘कॉसमॉस’ या त्यांच्या दूरदर्शन मालिकेत ते बिलियन म्हणताना ‘बि’वर चांगला जोर देत, कारण ऐकणाऱ्याला ‘मिलियन’ ऐकू आलं तर ताऱ्यांचा सगळा हिशेबच कोसळणार. तो उच्चार इतका गाजला की विनोदवीर जॉनी कार्सन आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात त्याची नक्कल करू लागले. नक्कल होवो न होवो, सेगन यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. टाकीऐवजी लिटरचं माप समजणं ही काही लहान चूक नाही.

याहून मोठा घोळ तर दोन देशांत मिळून होता. अमेरिकेत बिलियन म्हणजे हजार मिलियन. ब्रिटनमध्ये मात्र बिलियन म्हणजे मिलियन वेळा मिलियन, एकावर बारा शून्यं. भाषा तीच, स्पेलिंग तेच, पण न्यू यॉर्कचा माणूस बिलियन म्हणून टाकी दाखवणार आणि लंडनचा माणूस विहीर! ट्रिलियनला तर विचारूच नका. अमेरिकेची एक विहीर, तर ब्रिटनच्या दहा लाख विहिरी. अखेर डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत जाहीर केलं की सरकारी आकडेवारीत यापुढे बिलियनचा अर्थ हजार मिलियन असा राहील. अमेरिकेचं माप ब्रिटनने घेतलं.

आपली चाल आणखी वेगळी. हजारानंतर लाख, कोटी, अब्ज, असं आपण शंभराच्या पावलांनी चढतो. अमेरिका प्रत्येक पावलाला हजार पायऱ्या ओलांडते. म्हणून अमेरिकेतल्या एडिसन गावातला मुलगा घराची किंमत फोनवर ‘हाफ मिलियन’ सांगतो, तेव्हा पुण्यातली आई आधी पाच लाख डॉलर करते, मग डॉलरला चौऱ्याऐंशी रुपये धरून गुणते आणि चार कोटी वीस लाखांवर पोचल्यावरच ‘बापरे’ म्हणते. ‘बापरे’ म्हणायला आकडा आपल्या मापात यावा लागतो.

तर मग अमेरिकेचं कर्ज आपल्या मापात आणू या. आधी तुलनेला कंपन्या घेऊ. १९०१ साली युनायटेड स्टेट्स स्टील ही बिलियनच्या वर भांडवल असलेली कंपनी उभी राहिली, तेव्हा ती जगातली नवलाई होती. ट्रिलियनची अमेरिकन कंपनी दिसायला ऑगस्ट २०१८ उजाडला, ती ॲपल. टाकीपासून विहिरीपर्यंत यायला एकशे सतरा वर्षं. सरकारी कर्जाने मात्र १९८१ सालीच पहिला ट्रिलियन गाठला होता. देश स्वतंत्र झाल्यापासून दोनशे पाच वर्षांत एक. आणि पस्तिसाव्यापासून छत्तिसाव्या ट्रिलियनपर्यंत यायला किती वेळ लागला? जुलै २०२४ च्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, चार महिन्यांच्या आत! दर सेकंदाला जवळपास ९८ हजार डॉलर. रुपयांत धरा, सेकंदाला ऐंशी लाखांच्या वर. टाळी वाजवा, ऐंशी लाख. पुन्हा वाजवा, पुन्हा ऐंशी लाख. दिवसरात्र, चार महिने.

आता ते छत्तीस ट्रिलियन एकेका डॉलरच्या नोटांत मोजायचे ठरवू. नोटेचं वजन एक ग्रॅम. म्हणजे ३ कोटी ६० लाख टन कागद. एक मालगाडी चार हजार टन नेते असं धरलं तर गाड्या लागतील नऊ हजार! त्या मुंबईहून पुण्याला न्यायच्या तर खंडाळ्याचा घाट चढायला प्रत्येक गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडायची. दर दहा मिनिटांनी एक गाडी सोडा, रात्रीसुद्धा थांबू नका. फाटकावर उभा असलेला माणूस दोन महिने फाटकावरच! सगळ्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग होईल साडेपाच हजार किलोमीटरहून लांब. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, तो जवळपास तीस वेळा भरेल.

आणि नोटा रुळांवर न ठेवता एकावर एक रचल्या तर? एक बिलियन डॉलरची चळत १०९ किलोमीटरची, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग उभा केला तरी त्याच्या वर चौदा किलोमीटर. एक ट्रिलियनची चळत लाख किलोमीटरच्या पुढे. छत्तीस ट्रिलियनची? चंद्रापर्यंत पोचते आणि तिथेही थांबत नाही, चंद्राच्या अंतराच्या दहापट जाते! रुपयांत तर ट्रिलियन हा शब्दच अपुरा पडतो. तीन क्वाड्रिलियन रुपये. भारतातल्या १४० कोटी लोकांना सारखे वाटले तर माणशी एकवीस लाखांहून अधिक. काल जन्मलेल्या बाळालाही.

क्वाड्रिलियन आलाच आहे, तर पुन्हा खसखस हातात घेऊ. ट्रिलियनची विहीर भरून झाली, क्वाड्रिलियनला अशा हजार विहिरी लागतील. एका तालुक्यातल्या विहिरी गोळा कराव्या लागतील. त्याच्या पुढे क्विंटिलियन, एकावर अठरा शून्यं. आता विहिरींचं काम राहिलं नाही, धरणं हवीत. पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं रिकामी करून खसखशीने भरा. २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. पुरत नाहीत! क्विंटिलियनला ३५ टीएमसी हवेत. मग कोयनेला चला. १०५ टीएमसीचा तो शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की तीन क्विंटिलियन दाणे.

इथे क्षणभर थांबून भास्कराचार्यांना नमस्कार केला पाहिजे. बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त त्यांनी एक, दश, शत, सहस्र अशी अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यांत हजारांची उडी नाही, शंभरांचीही नाही, प्रत्येक शून्याला स्वतःचं नाव. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, एकावर सतरा शून्यं. त्या यादीत अमेरिकेचा ट्रिलियन म्हणजे महापद्म. परार्ध दाणे ठेवायला पानशेतचा तिसरा हिस्सा लागेल. हत्तीवरून आणि बैलगाडीतून माल जाण्याच्या काळात या माणसाकडे एवढ्या मोठ्या संख्येसाठी शब्द तयार होता!

आता वेग वाढवू. सेक्स्टिलियन, ३३५ कोयना. सेप्टिलियन, तीन लाख पस्तीस हजार कोयना. ऑक्टिलियन म्हणताच समुद्रांना हात घालावा लागतो. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, हिंदी महासागर, अटलांटिक, पॅसिफिक, पृथ्वीवरचं सगळं समुद्राचं पाणी बाजूला काढा आणि त्या खड्ड्यांत खसखस ओता. सव्वा ऑक्टिलियनच्या थोडं पुढे गेलात. नोनिलियन, एकावर तीस शून्यं, म्हणजे नुसते समुद्र नव्हेत, सह्याद्री, हिमालय, खालचा खडक आणि आतला तप्त गोळा यांसकट अख्खी पृथ्वी खसखशीची! डेसिलियन म्हणजे गुरू ग्रह दोन तृतीयांशाहून अधिक भरला. त्यात तेराशे पृथ्व्या मावतात. अनडेसिलियन म्हणजे सूर्यही दोन तृतीयांशाहून अधिक भरला, तेरा लाख पृथ्व्यांचा सूर्य! पृथ्वी, गुरू, सूर्य आणि इंग्रजीतले हे तीन लागोपाठचे शब्द इतके छान जुळतात, हा निव्वळ योगायोग आहे, पण काय सुंदर योगायोग आहे!

आणि सूर्य भरूनही आपला आकडा किती अंकी? सदतीस.

अशा वेळी अमेरिकन मुलं झिलियन म्हणतात, गझिलियन म्हणतात. मोजणं सोडून दिल्याचे हे शब्द, त्यांत शून्यं किती ते कुणीच ठरवलेलं नाही. पण १९२० च्या सुमारास न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले गणितज्ञ एडवर्ड कॅस्नर यांनी आपल्या भाच्याला विचारलं, एकावर शंभर शून्यं असलेल्या संख्येला काय म्हणावं? मिल्टन सिरोटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो म्हणाला, गूगॉल! शब्द गमतीचा, पण शून्यं नेमकी शंभर. १९४० साली कॅस्नर यांनी जेम्स न्यूमन यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकातून तो जगभर गेला. १९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्रासाठी तोच निवडला आणि वेगळ्या स्पेलिंगने नोंदवला. दिवसातून दहा वेळा आपण नऊ वर्षांच्या मुलाचा शब्द उच्चारतो.

तर गूगॉल दाणे. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतची सगळी पोकळी गोलाकार भरून टाका. अठ्ठेचाळीस अंक झाले, निम्मेही नाहीत. मग काहीच मागे ठेवू नका. दिसू शकणारं सगळं विश्व घ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत ९,३०० कोटी प्रकाशवर्षं. तारे, दीर्घिका, त्यांच्यामधला अंधार, सगळं खसखशीने गच्च भरा. एक मिलिमीटरची फट नको. भरलं? मोजा. नव्वद अंक! गूगॉलला हवेत एकशे एक. अकराच अंक कमी, आता कितीसं उरलं?

उरलं ते असं: हे असं दुसरं विश्व भरा. तिसरं भरा. शंभरावं, लाखावं, कोटीवं भरा. गूगॉल पुरा व्हायला २,८०० कोटी विश्वं लागतात! जगाची लोकसंख्या आठशे कोटी. म्हणजे तुमच्या वाट्याला साडेतीन विश्वं खसखस, माझ्या वाट्याला साडेतीन, आणि पाळण्यातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला साडेतीन.

मिल्टनकडे आणखी एक शब्द होता, गूगॉलप्लेक्स. त्याचं म्हणणं, एक लिहायचा आणि हात दुखेपर्यंत शून्यं काढत राहायचं. कॅस्नर यांनी त्याला पक्कं माप दिलं: एकावर गूगॉल इतकी शून्यं. शंभर नव्हेत, गूगॉल! म्हणजे आपल्या त्या प्रत्येक दाण्यावर, पहिल्या लिटरच्या मापातल्या, गच्चीच्या टाकीतल्या, विहिरीतल्या, कोयनेतल्या, सूर्यातल्या आणि २,८०० कोटी विश्वांतल्या प्रत्येक दाण्यावर एकेक शून्य काढायचं. शेवटच्या विश्वातल्या शेवटच्या दाण्यावर शेवटचं शून्य उमटेल, तेव्हा गूगॉलप्लेक्स नुसता लिहून होईल. तेवढे दाणे आणायचे ते वेगळेच!