भोकरदन ते पाँपेई : प्राचीन रोमन समाजातील दासप्रथा व दैनंदिन जीवन

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगराचा उल्लेख आढळतो. येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने उत्खनन झाले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या अवशेषाचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय मूर्तीशी लक्षणीय साम्य आहे. त्यावरून पाँपेईची मूर्ती भोकरदन परिसरात घडली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. मूर्तीवरील खरोष्ठी अक्षरामुळे वायव्य भारताचाही विचार केला जातो. ही मूर्ती ज्या समाजात पोहोचली, तेथील संपन्न घरांचे जीवन दासांच्या श्रमावर उभे होते.

रोमन घरातील दास :
रोमन कायद्यानुसार दास ही मालकाची मालमत्ता होती. दासाचा विवाह कायद्याला मान्य नव्हता आणि दासीचे अपत्य जन्मतःच दास ठरे. युद्धकैदी, विकत घेतलेली माणसे व टाकून दिलेली बालके यांतून दासवर्ग वाढत असे. पाणी भरणे, स्वयंपाक करणे, मालकास पालखीतून वाहून नेणे, एवढेच नव्हे तर हिशेब ठेवणे व मुलांना शिकविणे हीदेखील दासांचीच कामे होती. शेतमळे व खाणींतील दासांचे जीवन याहून कष्टाचे होते. घरकामातील काही दासांना मुक्ती मिळे. तथापि मालकाच्या मर्जीवरच ती अवलंबून असे. इ.स. ६१ मध्ये पेडानियस सेकुंडस या रोमच्या नगराधिकाऱ्याचा एका दासाने खून केला, तेव्हा त्याच्या घरातील सुमारे ४०० दासांना देहदंड देण्यात आला. पाँपेईजवळील चिविता जुलियाना येथे २०२१ मध्ये दासांची एक खोली उजेडात आली. सुमारे १६ चौरस मीटरच्या त्या जागेत तीन खाटा होत्या. त्यांपैकी एक लहान मुलाच्या मापाची होती.

भारतीय संदर्भ :
दासप्रथा केवळ रोमपुरती मर्यादित नव्हती. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात दासाकडून प्रेत किंवा मलमूत्र उचलून घेण्यास मनाई आहे, तसेच मालकापासून अपत्य झालेल्या दासीस अपत्यासह मुक्ती सांगितली आहे. असे नियम करावे लागले, यावरूनच दासांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीची कल्पना येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार पैठण व तेर येथील माल भडोच बंदरात जाई. त्याच बंदरात राजासाठी येणाऱ्या वस्तूंच्या यादीत चांदीची पात्रे व उंची मद्य यांच्याबरोबर गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुलीही आहेत. याचाच अर्थ या व्यापारात माणसेही क्रयवस्तू होती.

निष्कर्ष :
भोकरदनच्या अवशेषांचा अभ्यास प्रामुख्याने कला व व्यापार या दृष्टींनी झाला आहे. दासांची नावे मात्र क्वचितच टिकली. म्हणून अशा वस्तूंबरोबरच त्या हाताळणाऱ्या, पुसणाऱ्या व वाहून नेणाऱ्या माणसांचाही विचार इतिहासलेखनात होणे आवश्यक आहे.